बाबांना गाडी शिकवतोय : वेग कमी करायचा म्हटलं की आधी क्लच!

कंदी_सातारी (शनिवार, रात्री १०:१५)

मंडळी, जरा मदत करा. आमच्या बाबांनी वयाच्या ६४व्या वर्षी चारचाकी शिकायचं मनावर घेतलंय. आईचे गुडघे दुखतात, स्कूटरवर मागे बसवत नाही, एवढंच कारण. चाळिशीनंतर लागणारा तो डॉक्टरचा फॉर्म १अ वगैरे सोपस्कार उरकून लर्निंग लायसन्स निघालं, गाडीला पुढेमागे लाल 'एल' चिकटला. मी शनिवार-रविवार पुण्याहून साताऱ्याला येतो आणि सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर आमचा सराव चालतो. गाडी आठ वर्षांची पेट्रोल वॅगनआर, गिअरवाली.

गाडी उचलणं, पहिला-दुसरा-तिसरा, वळणं, सगळं जमतंय. चढावर हाफ क्लचसुद्धा. अडतंय एकाच ठिकाणी. वेग कमी करायची वेळ आली की बाबांचा डावा पाय आधी जातो. क्लच पार तळापर्यंत. मग ब्रेक. मधल्या क्षणात गाडी दोर तुटल्यासारखी पळते, बाबा दचकतात, मग ब्रेक कचकन. माझं डोकं डॅशबोर्डकडे. उतारावर तर क्लच दाबल्या दाबल्या वेग वाढतो आणि बाबा माझ्याकडे असे बघतात की जणू मीच काहीतरी केलं.

दहा वेळा सांगून झालं : आधी रेसवरून पाय काढा, मग ब्रेक, क्लच सगळ्यात शेवटी. बाबा "कळलं" म्हणतात आणि पुढच्या गतिरोधकाला परत तेच. ओरडायची सोय नाही. बाबांनी ३१ वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलंय आणि त्यातली तीन वर्षं वर्गात मीही होतो.

मोठ्या वयाच्या माणसाला कुणी शिकवलंय का? ही सवय मोडायची कशी?

---

रिकामा_गिअर (शनिवार, रात्री १०:२१)

ऑटोमॅटिक घ्या. विषय संपला.

---

नाठाळ (शनिवार, रात्री १०:३०)

विषय संपला म्हणून इथे कधी धागा संपलाय का? बसा निवांत.

---

कंदी_सातारी (शनिवार, रात्री १०:३४)

@रिकामा_गिअर, सुचवून पाहिलं. "अर्धवट शिकायला मी कोर्स पूर्ण न करणारा विद्यार्थी आहे का?" असं उत्तर मिळालं.

---

मेकॅनिकल_मन्या (शनिवार, रात्री ११:०२)

बाबांना नियम सांगू नका, कारण सांगा. शिक्षक माणूस आहे, पटल्याशिवाय करणार नाही.

क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यातला हात. हातात हात आहे तोवर रेस सोडली की इंजिन चाकांना मागे ओढतं. क्लच दाबला की हात सुटला. आता गाडीला आवरणारं इंजिन नाही, फक्त ब्रेक. म्हणून त्यांना गाडी 'पळाल्यासारखी' वाटते. खरं तर सपाटीवर ती पळत नाही, फक्त आधीइतकी मंदावत नाही. उतारावर मात्र खरंच पळते.

मग क्लच हवाच कशाला? तर इंजिनाला एक किमान फेरा लागतो, साधारण मिनिटाला ८००-९०० च्या आसपास. गाडी त्याच्याही खाली दबली की गचके देते आणि बंद पडते. तेवढं टाळण्यापुरता क्लच. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंधराच्या खाली आलात आणि थरथर जाणवली, की दाबा. तिसऱ्यात ती थरथर जरा आधी येते. आकडे पाठ करायचे नाहीत, ती पायाला आणि बुडाला कळते.

सरावाला एक वीट घ्या. रस्त्याच्या कडेला ठेवा. दुसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने यायचं आणि विटेपाशी वीसवर आणायचं. थांबायचं नाही. डावा पाय क्लचच्या बाजूला जमिनीवर. वीस-पंचवीस वेळा. 'वेग कमी करणं' आणि 'थांबणं' ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपण शिकवतच नाही. पहिल्या दिवसापासून शिकवतो ते थांबणं, आणि थांबायला क्लच लागतो. मग शिकणाऱ्याच्या डोक्यात ब्रेक म्हणजे क्लच अशी गाठ बसते.

---

सोऱ्या_हरवला (शनिवार, रात्री ११:२०)

मन्या यांचा शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावायला हवा.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले. एकवीस दिवस मला वाटत होतं की मी काय सुरेख गाडी हळू करते! गुळगुळीत, गचका नाही. घरच्या गाडीत बसले, सोसायटीच्या गेटपाशी आले, सवयीने ब्रेक दाबला आणि गाडी धाड धाड करून बंद. वॉचमन बिचारा खुर्ची घेऊन बाजूला. तेव्हा उलगडा झाला की सरांच्या बाजूला पण क्लच-ब्रेक होते आणि एकवीस दिवस माझ्या वाटचा क्लच सरच दाबत होते. फी मी भरली, सराव त्यांचा झाला.

---

नाठाळ (शनिवार, रात्री ११:२६)

वॉचमन खुर्ची घेऊन बाजूला झाला यातच त्याचा अनुभव दिसतो.

---

आजोबा_नाबाद (रविवार, सकाळी ६:१०)

एक प्रश्न. बाबा आयुष्यभर कोणती गाडी चालवत होते?

---

कंदी_सातारी (रविवार, सकाळी ८:०५)

बजाज चेतक. १९८९ पासून. अजून अंगणात उभी आहे, रविवारी पुसली जाते.

---

आजोबा_नाबाद (रविवार, सकाळी ८:४०)

मग दोष त्यांचा नाही, चेतकचा आहे! मी स्वतः चेतकवाला, म्हणून सांगतो.

चेतक थांबवताना आपण काय करायचो? डाव्या हाताने क्लच आवळायचा आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक. दोन्ही एकदम. आता बाबा गाडीत बसले. उजव्या पायाखाली ब्रेक आहेच, तोच पाय, तेच काम. डावीकडे हाताऐवजी पाय आला एवढंच. पस्तीस वर्षांचा हिशेब शरीराने जसाच्या तसा गाडीत आणलाय.

दुसरी गोष्ट. ती टू-स्ट्रोक गाडी. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं, लिटरला वीस मिली. लांब उतारावर रेस बंद करून गिअरमध्ये उतरलं तर इंजिन जोरात फिरतंय पण पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही. इंजिन जाम व्हायची भीती. त्यामुळे जाणते लोकच सांगायचे की उतारावर क्लच आवळा, मधूनमधून थोडी रेस द्या. आमच्या पिढीला 'उतारावर इंजिन मोकळं सोडा' हे शहाणपण म्हणून शिकवलेलं आहे. पुन्हा पेट्रोल वाचतं हा आनंद वेगळाच.

बाबांना सांगा की तुमचं तेव्हा बरोबर होतं. फक्त आता घोडा बदललाय.

---

मेकॅनिकल_मन्या (रविवार, सकाळी ९:१५)

आजोबा, दंडवत. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पेट्रोल वाचण्याबद्दल : कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रलमध्ये थोडं वाचायचंही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की संगणक पेट्रोल तोडतो, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला जास्त जाळतो आणि वर ब्रेकही झिजवतो.

---

भाडोत्री_पुणेकर (रविवार, सकाळी ९:५०)

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार बघा. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकनी काय काय केलंय ते पेपरात वाचून आहोत. मी रोज तिथून जातो आणि रोज आरशात बघत जातो.

---

शिवशाही_नव्हे_लालपरी (रविवार, सकाळी १०:३०)

माझे वडील एसटीत चालक होते, कोल्हापूर-कणकवली. फोंडा घाट आठवड्यातून कितीदा उतरले असतील त्यांनाच माहीत. त्यांचा एकच मंत्र : ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं. आणि गिअर वरच पाडायचा, वळणात गेल्यावर नाही. लहानपणी मी इंजिनाच्या शेजारी त्या गरम पत्र्यावर बसून जायचो. घाट सुरू व्हायच्या आधी गाडीचा आवाज घशात अडकल्यासारखा व्हायचा, म्हणजे वडिलांनी गिअर उतरवला. मग खालपर्यंत ब्रेकला पाय नुसता टेकवायचे, उचलायचे. सतत दाबून ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो आणि मग कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

तुम्ही साताऱ्याचे. बाबा पुढेमागे यवतेश्वरचा घाट उतरणारच. आत्ता नेऊ नका, पण हे आत्ताच कानावर घाला.

---

घाटावरचा_भट्ट (रविवार, सकाळी ११:१०)

मी थोडा विरोधी सूर लावतो. ६४ वर्षांच्या माणसाला गावातल्या गावात, चाळीसच्या आत गाडी चालवायची आहे. दोन्ही पाय एकदम दाबले तर आभाळ कोसळणार आहे का? माझ्या सासऱ्यांनी वीस वर्षं अशीच चालवली. क्लच प्लेट लवकर गेली असेल नसेल, माणूस धडधाकट आहे. एवढी इंजिनीअरिंगची प्रवचनं देऊन त्या माणसाचा आत्मविश्वास घालवाल.

---

मेकॅनिकल_मन्या (रविवार, सकाळी ११:२२)

दोन्ही एकदम दाबणं वेगळं आणि आधी क्लच, मग ब्रेक हे वेगळं. धागाकर्त्याची तक्रार दुसऱ्याची आहे. आणि क्लच दाबल्याने प्लेट झिजत नाही, अर्धवट दाबून ठेवल्याने झिजते.

---

थेम्सकाठी (रविवार, दुपारी ३:४५)

भट्टांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. कुत्रं आडवं आलं, पोरगं चेंडूमागे धावलं, तर दोन्ही पाय तळापर्यंत, एकदम, हेच बरोबर. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असेल तर पायाखाली ब्रेक थरथरतो, घाबरून पाय उचलायचा नाही. त्या वेळी क्रम शिकवत बसू नये. पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगत असतानाही क्लच आधी दाबला तर बिघडत नाही. क्रम लागतो तो रोजच्या, बघून-ठरवून वेग कमी करण्यात.

मी इंग्लंडात पुन्हा शिकले, भारतातलं बारा वर्षांचं लायसन्स असून. इथले शिकवणारे घोकून घेतात, 'ब्रेक्स टू स्लो, गिअर्स टू गो'. वेग ब्रेकने कमी करा, आणि पुढे ज्या वेगाने जायचंय त्याचा गिअर मग टाका. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा अशा पायऱ्या उतरायची गरज नाही, चौथ्यातून सरळ दुसरा चालतो. नवशिक्याचं निम्मं काम वाचतं. विनाकारण क्लच दाबून गाडी घरंगळू दिली तर परीक्षेत चूक धरतात. मला त्यासाठीच दोन चुका लागल्या होत्या. मीही आधी चेतकच चालवायचे, वडिलांची!

---

लालपरी_प्रेमी (रविवार, दुपारी ४:००)

@शिवशाही_नव्हे_लालपरी, तुमचं नाव बघून गहिवरलो. तो गरम पत्रा! त्यावर बसायला आमच्यात मारामारी.

---

शिवशाही_नव्हे_लालपरी (रविवार, दुपारी ४:०८)

पावसाळ्यात बसायचं. उन्हाळ्यात बसलात तर कोल्हापूरपर्यंत भाजून निघाल.

---

शब्दखूळ (रविवार, संध्याकाळी ६:३०)

मला वेगळंच विचारायचंय. कंदी, आयत्या वेळी तुम्ही बाबांना नेमकं काय म्हणता? शब्द सांगा.

---

कंदी_सातारी (रविवार, संध्याकाळी ६:४१)

खरं सांगू? "हळू, हळू, हळू, बाबा हळू!" 

---

शब्दखूळ (रविवार, संध्याकाळी ७:०५)

वाटलंच. आता विचार करा, क्लच शिकवताना कोणता शब्द वापरलात? "हळू सोडा, हळूऽऽ." आठवडाभर 'हळू' हा शब्द त्यांनी डाव्या पायाशी जोडला. आता तुम्ही 'हळू' ओरडलात की कोणता पाय हलणार?

आमच्या ह्यांनी मला शिकवताना असाच घोळ घातला होता. चौकात ओरडले, "सोड, सोड!" त्यांना म्हणायचं होतं क्लच सोड. मी स्टिअरिंग सोडलं.

---

नाठाळ (रविवार, संध्याकाळी ७:०९)

संसार नाही सोडलात हे नशीब.

---

सोऱ्या_हरवला (रविवार, संध्याकाळी ७:३०)

शब्दखूळ 😂😂 पण पटलं. शेजारच्याने पायाचं नाव घ्यावं, भावना व्यक्त करू नयेत.

अजून एक, गतिरोधकाबद्दल. माझ्या दिराने शिकवलेलं. ब्रेक गतिरोधकाच्या आधी संपवायचा. पुढची चाकं चढताना पाय ब्रेकवरून उचललेला हवा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक आधीच खाली वाकलेलं असतं आणि दणका मणक्यात. आईंचे गुडघे दुखतात म्हणता, मागे बसल्या की पहिल्या तक्रारी त्यांच्याकडून येतील.

---

भाडोत्री_पुणेकर (रविवार, रात्री ८:१५)

आणि नुसती रेस सोडून वेग कमी केला तर मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागून येणाऱ्याला कळत नाही. ब्रेकला पाय टेकवून दिवा दाखवायचा. पुण्यात दाखवूनही उपयोग नसतो, पण सवय चांगली.

---

आजोबा_नाबाद (सोमवार, सकाळी ६:०५)

बाबांना एकदा विचारा, गाडी रस्त्यात कधी बंद पडली होती का? माणूस क्लचला मिठी मारतो तो बहुतेक वेळा त्या भीतीने. असेल तर मैदानात मुद्दाम बंद पाडायला लावा. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचला हात... म्हणजे पाय न लावता, ब्रेक दाबत जायचं. बघू द्या काय होतं ते.

---

कंदी_सातारी (पुढचा रविवार, रात्री ९:२०)

उशिराबद्दल क्षमस्व. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर अख्खा धागा बाबांना वाचून दाखवला. नाठाळांचे प्रतिसाद गाळून. (ते त्यांनी नंतर माझ्या फोनवर स्वतः वाचले आणि आईलाही दाखवले.)

चेतकचं वाचल्यावर बाबा बराच वेळ गप्प. मग उठून जागच्या जागी डावी मूठ आवळली, उजवा पाय दाबला, आणि म्हणाले, "खरंच की रे." आजोबा, तुमचं नाव-गाव विचारत होते.

बंद पडायचंही खरं निघालं. पहिल्याच आठवड्यात पोवई नाक्यावर गाडी बंद पडली होती, मी शेजारी होतो, मला ती गोष्ट लक्षातही नव्हती. मागे तीन-चार हॉर्न वाजले. त्यातल्या एका मोटरसायकलवर त्यांचा जुना विद्यार्थी होता म्हणे. ओळख दाखवून गेला. तेव्हापासून डावा पाय क्लच सोडायला तयार नाही.

आणि 'हळू'. शब्दखूळ यांचा प्रतिसाद वाचला तसे बाबा चष्मा काढून म्हणाले, "हळू हे क्रियाविशेषण आहे. तू मला क्रियापद कुठे दिलंस? कर्म कुठे दिलंस? अरे, अपूर्ण वाक्यावर मी गाडी कशी थांबवू?" तीन वर्षं वर्गात बसलेल्या माणसाकडे याला उत्तर नाही. ठराव असा झाला की मी फक्त तीन पूर्ण वाक्यं बोलायची : 'रेस सोडा', 'ब्रेक दाबा', 'क्लच दाबा'. 'हळू' या शब्दावर गाडीत बंदी.

आज सकाळी साडेसहाला एमआयडीसीत गेलो. आधी मुद्दाम बंद पाडली. दुसरा गिअर, डावा पाय जमिनीवर, ब्रेक. गाडी कुरकुरली, दोन गचके, बंद. शांतता. एक कावळा उडाला. बाबा म्हणाले, "एवढंच?" मग अजून दोनदा पाडली. तिसऱ्या वेळेला थरथर सुरू झाली तेव्हा न सांगता म्हणाले, "हां, आता मागतेय क्लच." मन्या, तुमचं 'बुडाला कळतं' ते हेच असावं.

मग वीट. पहिल्या सात-आठ फेऱ्यांत डावा पाय आपोआप उचलला जायचा, बाबा स्वतःच त्याला दटावून खाली ठेवायचे. चपला काढून बूट घातले तेव्हा आणखी सुधारलं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. टाच जमिनीला टेकते आणि पाय कुठे आहे ते कळतं म्हणाले. शेवटच्या दहातल्या आठ बरोबर.

परत येताना वाट वाकडी केली. बोगद्यापर्यंत मी नेली आणि तिथून समर्थ मंदिराकडचा उतार बाबांनी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला. इंजिन जरा ओरडलं तर विचारलं, "दुखतंय का हिला?" नाही म्हटलं. मागचा जीपवाला हॉर्न देत होता. बाबांनी आरशात बघितलं, ब्रेकला पाय टेकवून दिवा दाखवला आणि म्हणाले, "घाई असेल त्याला, जाऊ दे." गाडी बंद पडली नाही. मी तिन्ही वाक्यांतलं एकही बोललो नाही.

राजवाड्यापाशी एक भेळेचा गाडा अचानक पुढे आला, तेव्हा मात्र आधी क्लच, मग ब्रेक. जुनंच. थांबलो वेळेत.

---

थेम्सकाठी (रविवार, रात्री ९:४४)

ते होतच राहणार अजून काही महिने. थांबले ना? झालं तर.

---

घाटावरचा_भट्ट (रविवार, रात्री ९:५०)

आत्मविश्वास गेला नाही म्हणजे माझा अंदाज चुकला. कबूल. पण सासरे अजूनही धडधाकट आहेत.

---

रिकामा_गिअर (रविवार, रात्री १०:०२)

तरी ऑटोमॅटिकच.

---

शब्दखूळ (रविवार, रात्री १०:१०)

"अपूर्ण वाक्यावर मी गाडी कशी थांबवू" 🙏 बाबांना इथे आयडी काढून द्या. शुद्धलेखनाच्या धाग्यावर माणसं कमी पडतायत.

---

आजोबा_नाबाद (सोमवार, सकाळी ६:१५)

वा! बाबांना नमस्कार सांगा. गाव कराड, चेतक निळी होती, २००३ साली विकली, अजून स्वप्नात येते.

ती वीट उचललीत ना रस्त्यावरून?

---

कंदी_सातारी (सोमवार, सकाळी ७:३०)

अरे देवा. आईला फोन करतो. बाबा चेतकवरून जाऊन आणतील.